आत्या कुठे भरायची त्या फॉर्ममध्ये?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी ३८ वर्षांची, नाशिकला असते. नणंद न्यूजर्सीला आहे, तिने ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क काढायच्या कॅल्क्युलेटरची लिंक पाठवली. पाळी कधी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, आई-बहिणीला कॅन्सर आहे का, सगळं भरलं. पुढच्या पाच वर्षांत ०.६ टक्के असं आलं. ती म्हणाली बघ, काही नाहीये, झोप निवांत. पण माझ्या सख्ख्या आत्याला ४३व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, त्यातच ती गेली, आणि तिच्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी ओव्हरीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ती तेव्हा ४७ची होती. फॉर्ममध्ये आत्या भरायला जागाच नव्हती. मग तो आकडा धरायचा का?

उत्तर : नका धरू. आणि आत्या कुठे भरायची हा प्रश्न तुम्हाला पडला हेच फार चांगलं झालं, कारण बऱ्याच जणींना तो पडतच नाही. मी ओपीडीत विचारते, घरात कुणाला कॅन्सर होता का, तर बायका पटकन सासूचं सांगतात (सासूचा तुमच्या जीन्सशी काय संबंध हो!) आणि वडिलांची बहीण मात्र खोदून खोदून विचारल्यावर आठवते.

तुम्ही भरलेले प्रश्न बघता तो बहुतेक गेल मॉडेलवरचा, म्हणजे गेल नावाच्या रिस्क मोजायच्या पद्धतीवरचा, कॅल्क्युलेटर असणार. मूळ मॉडेल १९८९चं, अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांच्या माहितीवर बांधलेलं. नंतर आशियाई बायकांसाठी त्यात बदल केले, पण तेही तिथल्या चिनी, जपानी आणि फिलिपिनो बायकांच्या माहितीवरून, आपण त्यात 'इतर आशियाई' मध्ये जातो. आपल्याकडचं मूळ प्रमाणच वेगळं आहे, अमेरिकेत आयुष्यभरात आठातल्या एकीला ब्रेस्ट कॅन्सर होतो असं सांगतात, आपल्या कॅन्सर रजिस्ट्रीच्या (कॅन्सरच्या रुग्णांच्या नोंदींच्या) हिशोबाने साधारण २९ जणींमधे एकीला, आणि त्यातही मुंबई-पुण्याचं प्रमाण बार्शीकडच्या खेड्यांपेक्षा बरंच जास्त. त्यामुळे तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

पण तुमच्या बाबतीत खरी अडचण ही नाहीच. हा कॅल्क्युलेटर फक्त आई, बहीण आणि मुलगी एवढंच मोजतो, आणि तेही फक्त ब्रेस्ट कॅन्सर. वडिलांकडचं काही नाही, ओव्हरी नाही, नातेवाईकाला कितव्या वर्षी झाला तेही नाही. म्हणजे तुमच्या घरातली जी सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच नेमकी बाहेर राहिली. तरुण वयातला ब्रेस्ट कॅन्सर आणि त्याच रक्तात ओव्हरीचा कॅन्सर असं दिसलं की आम्हाला पहिली शंका बीआरसीए जीनमधल्या दोषाची येते, हा दोष असला की ब्रेस्ट आणि ओव्हरी दोन्हीच्या कॅन्सरची रिस्क वाढते. सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरमधे असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच असतात, पण ज्या घरात असतात तिथे हिशोबच बदलतो, बीआरसीए १ मधे दोष असेल तर ब्रेस्ट कॅन्सरची आयुष्यभराची शक्यता साधारण ६० ते ७० टक्क्यांवर जाते. आणि हा दोष बापाकडूनही तसाच येतो, बापाला स्वतःला काही झालेलं नसलं तरी.

आता करायचं काय. लगेच स्वतःचं रक्त देऊन मोकळं होऊ नका. आधी टेस्ट करायची ती जिला कॅन्सर झालाय तिची, म्हणजे तुमच्या आतेबहिणीची. तिच्यात दोष सापडला तर मग तुमच्या वडिलांची आणि तुमची नेमकी तेवढ्याच दोषासाठी टेस्ट करता येते. वडिलांमधे तो असेल तर तुमच्यात यायची शक्यता निम्मी, वडिलांमधे नसेल तर ही रिस्क तुमच्याकडे आलेलीच नाही. उलट तिला सोडून फक्त तुमची केली आणि निगेटिव्ह आली तर त्यावरून ठामपणे काहीच म्हणता येत नाही. टेस्टच्या आधी जेनेटिक काउन्सेलिंग (आनुवंशिक आजारांच्या जाणकाराशी सविस्तर बोलणं) मात्र नक्की करा, कारण कधीकधी रिपोर्टमधे 'बदल दिसतोय पण अर्थ नक्की नाही' असंही येतं आणि माणसं उगाच घाबरतात.

वडील कदाचित म्हणतील, कशाला उकरून काढतेस, पोरींची लग्नं व्हायचीत. हे मी खूप घरांमधे ऐकलंय. त्यांना सांगा, दोष निघालाच तर तपासण्या लवकर सुरू करता येतात, वर्षाला एमआरआय करता येतो, आणि त्या मुलींना कळायला नको का?

प्रश्न : सासूबाई ६१च्या, गावाकडे असतात. आशाताई फॉर्म घेऊन आल्या होत्या, त्यात छातीत गाठ आहे का विचारलं तर त्या म्हणाल्या नाही. मला नंतर सांगितलं की तीन महिन्यांपासून एक आहे, पण दुखत नाही. त्यांचं म्हणणं, पाच पोरं अंगावर पाजलीत, मला कसला कॅन्सर.

उत्तर : पाजल्याने रिस्क कमी होते हे खरं आहे. २००२च्या एका मोठ्या अभ्यासात दर १२ महिन्यांच्या पाजण्यामागे साधारण ४ टक्क्यांनी कमी होते असं दिसलं. पण कमी होते, संपत नाही. आणि गाठ हाताला लागली की रिस्कचा हिशोब तिथेच बंद करायचा. सुरुवातीच्या बहुतेक गाठी दुखत नाहीतच, म्हणून तर बायका थांबतात.

याच आठवड्यात न्या. डॉक्टर हाताने तपासतील, मॅमोग्राफी-सोनोग्राफी होईल, आणि सुईने तुकडा काढतील. सुई लावली की पसरतो असं गावात कुणीतरी सांगणारच, ते खोटं आहे. गाठ साधी निघायचीही बरीच शक्यता आहे.

आणि आशाताईंवर चिडू नका. साध्या हाताच्या तपासणीलाही किंमत आहे, टाटा मेमोरियलने मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका घेऊन वीस वर्षं अभ्यास केला, निम्म्या जणींची शिकवलेल्या कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी, तर पन्नाशीपुढच्या बायकांमधे ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमधे तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. सासूबाई ६१च्या आहेत. फॉर्म भरताना बाजूला मुलगा बसला होता का, ते एकदा विचारून बघा, बहुतेक म्हणूनच नाही म्हणाल्या असतील. दवाखान्यात तुम्ही सोबत जा, त्याला बाहेर बसवा.