गहू ‘पाळीव’ असतो का?

प्रश्न असा आला आहे: इराणच्या झाग्रोस पर्वतातल्या आद्य शेतीवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘तिथल्या लोकांनी ९,८०० वर्षांपूर्वी गहू पाळीव केला’ असं वाक्य तयार झालं. शेळी पाळीव हे समजतं, पण गहू पाळीव कसा? ‘माणसाळवला’ म्हणावं, की सरळ ‘लागवडीखाली आणला’?

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच. कोरलं ते कोरीव, आखलं ते आखीव, तसं पाळलं ते पाळीव. पाळायचं म्हणजे चारा-पाणी, राखण, रात्री गोठ्यात घेणं आलं. गहू कोणी पाळत नाही, पेरतात.

‘लागवडीखाली आणला’ हे झकास मराठी आहे, पण ते दुसऱ्याच गोष्टीचं नाव आहे. इथेच बहुतेक भाषांतरं घसरतात. झाग्रोसच्या पायथ्याशी चोगा गोलान नावाचं एक टेकाड आहे. सुमारे १२,००० ते ९,८०० वर्षांपूर्वीपर्यंत तिथे वस्ती होती. खालच्या थरांत जळके दाणे सापडतात ते रानटी जवाचे, रानटी मसुरेसारख्या डाळींचे आणि गव्हाच्या रानटी भाऊबंदांचे. सोबतच्या तणांच्या बियांवरून संशोधक म्हणतात की हे लोक रानटी जव नुसता वेचत नव्हते, त्याची लागवड करत होते. म्हणजे लागवड आहे, पण पीक अजून रानटीच. बदललेला गहू दिसतो तो अगदी वरच्या थरांत, ९,८०० वर्षांच्या आसपास. तुमच्या वाक्यातला आकडा या दुसऱ्या घटनेचा आहे. तिथे ‘लागवडीखाली आणला’ लिहिलंत, तर त्याआधीच्या कितीतरी पिढ्यांची मेहनत पुसली जाते.

बदललेला म्हणजे काय, ते पाहिलं की शब्दही सापडतो. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटते आणि दाणे जमिनीवर झडतात. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, विळा घेऊन आलेल्याच्या दृष्टीने नुकसानीचं. एखाद्या रोपात मात्र चुकून अशी ओंबी येते जी झडतच नाही. रानात त्या रोपाचा वंश बुडाला असता. पण माणूस पिकलेली ओंबी कापतो, घरी नेतो आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरतो, तेव्हा खळ्यापर्यंत पोचतात त्या न झडणाऱ्या ओंब्याच. वर्षानुवर्षं हे झालं की सगळं शेतच न झडणाऱ्या ओंब्यांचं होतं, आणि मग तो गहू माणसाने पेरल्याशिवाय उगवू शकत नाही. उत्खननात हे ओळखतातही तसंच. आपसूक सुटलेल्या कणिशकाच्या (ओंबीतल्या एकेका दाणेदार तुकड्याच्या) बुडाशी गुळगुळीत वण असतो, मळणीत तोडलेल्याच्या बुडाशी ओबडधोबड.

हा गहू कुणी परका नाही, आपला खपलीच. सांगली-साताऱ्याकडे आजही पिकतो, खिरीला लागतो. त्याचं टरफल दाण्याला जखमेवरच्या खपलीसारखं घट्ट धरून असतं, मळणीनंतरही कांडावं लागतं. मूळ लेखात गव्हाच्या या प्रकाराचं परकं नाव असेल, तर बिनधास्त ‘खपली गहू’ लिहा.

शेळीचंही असंच झालं. झाग्रोसमध्येच केरमानशाहजवळ गंज दरे नावाची वस्ती होती (फारसीत ‘खजिन्याची दरी’, मराठी कानाला आधी कडब्याची गंज आठवते). तिथल्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या हाडांमध्ये नर कोवळ्या वयात मारलेले दिसतात आणि माद्या चांगल्या वाढलेल्या. बोकड कापायचा आणि शेळी राखायची, हा हिशोब शिकाऱ्याचा नव्हे, कळप बाळगणाऱ्याचा. तिथल्या कच्च्या विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसेसुद्धा उमटले आहेत. पण या शेळ्यांचा बांधा रानटी शेळ्यांसारखाच होता. म्हणजे पाळणं आधी, जात बदलणं मागाहून.

म्हणून मी क्रियापदांची वाटणी अशी करतो. पाळणं, पेरणं, लागवड करणं ही माणसाची कामं. जातीत जो बदल होतो तो ‘माणसाळणं’. यावर आक्षेप येईल की माणसाळतो तो सर्कशीतला हत्ती, एकाच जन्मात, आणि त्याचं पिल्लू पुन्हा रानटीच. आक्षेप खरा आहे, पण कर्ता बदलला की तो मिटतो. ‘हत्ती माणसाळला’ वेगळं, ‘गव्हाची जात माणसाळली’ वेगळं. वाफाळणं, फेसाळणं यांसारखंच हे क्रियापद अकर्मक आहे, आणि मला ते नेमकं त्यासाठीच हवं आहे. त्या डोंगरात कोणी गहू बदलायचा बेत करून बसलं नव्हतं. ‘माणसाळवला’ म्हटलं की तो बेत वाक्यात आपोआप घुसतो.

या बदलाला कोणी ‘घरगुतीकरण’ म्हणतात, पण ते वाचलं की मला लोणच्याची बरणी दिसते. ‘ग्राम्यीकरण’ सुचवणारेही भेटतील. त्याचं कूळ मोठं आहे: चमकात (यजुर्वेदातल्या प्रार्थनेत) ‘ग्राम्याश्च मे पशव आरण्याश्च’, म्हणजे गावातले आणि रानातले पशू, म्हटलंय, आणि त्याच अनुवाकात ‘कृष्टपच्यं च मे अकृष्टपच्यं च मे’, म्हणजे नांगरलेल्या जमिनीत पिकणारं आणि न नांगरता पिकणारं, अशीही जोडी आहे. (ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, तो हाच भेद.) पण आजच्या मराठीत ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य. गव्हावर तो आळ कशाला?

राहता राहिले ‘संग्राहक’, म्हणजे शेतीआधी रानातलं गोळा करून जगणारे लोक. त्यांनाही आपल्याकडे साधा शब्द आहे. कंद खणतात, मध काढतात, भाजी खुडतात, दाणे वेचतात. ते सगळे ‘रानावर जगणारे’.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘झाग्रोसच्या पायथ्याशी रानावर जगणाऱ्यांनी आधी रानटी जवाची लागवड केली, खपली गहू माणसाळलेला दिसतो तो त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी, सुमारे ९,८०० वर्षांपूर्वी.’