ऑस्ट्रेलियात वर्षभर कॅरव्हॅनमध्ये राहायचं, तर महिन्याला किती लागतील?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १८९ चा (ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा) व्हिसा हातात आला आहे, मूलबाळ अजून नाही, पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन तुम्ही दोघं मेलबर्नला उतरणार, आणि लगेच घर-नोकरी शोधण्याआधी वर्षभर कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहून देश बघायचा. त्यासाठी महिन्याला ३,००० डॉलर पुरतील का? आम्ही नवरा-बायको अ‍ॅडलेडचं भाड्याचं घर सोडून कॅरव्हॅनमध्येच राहतो, दुसरं घर नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सगळे आकडे ऑस्ट्रेलियन डॉलरमधले आहेत.

थोडे कमी पडतील. ३,२०० च्या आसपास धरा, तेही कॅरव्हॅन महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर ओढली नाहीत तरच. हिशेब महिन्याचा मांडू नका, किलोमीटरचा मांडा. घरात राहताना भाडं ठरलेलं असतं आणि बाकीचं मागेपुढे होतं. इथे उलटं आहे. तुम्ही किती पळता यावर डिझेल, टायर, सर्व्हिसिंग आणि मुक्कामाचं भाडं, सगळंच हलतं.

उदाहरण करून दाखवते. कॅरव्हॅन मागे लावली की डिझेलची गाडी १०० किलोमीटरला १५ ते २० लिटर पिते. १७ धरा. दीड हजार किलोमीटरला २५५ लिटर. शहरांच्या आसपास लिटरला २ डॉलर धरले तर ५१० डॉलर. कॅरव्हॅन उभी करून नुसती गाडी घेऊन फिराल त्याचे आणखी १५०. मुक्काम: दहा रात्री कॅरव्हॅन पार्कात ५० डॉलरप्रमाणे, दहा गावच्या शोग्राउंडवर (जत्रेच्या मैदानावर) २५ नं, दहा फुकट जागी, म्हणजे ७५०. दोघांचं खाणं घरी शिजवून ८००. दोन्ही वाहनांचा विमा, रेगो (सरकारी नोंदणी), सर्व्हिसिंग, टायर यांसाठी दरमहा ४५० बाजूला. फोन आणि इंटरनेट १८०. दवाखाना आणि अ‍ॅम्ब्युलन्सची वर्गणी १००. गॅस आणि लाँड्री ८०. बघण्या-हिंडण्याला २००. एकूण ३,२२०.

आता हेच जोडपं महिन्याला ४,००० किलोमीटर पळतंय, तेही आडरानातून जिथे डिझेल अडीच डॉलर धरावं लागतं, आणि रोज दमून पार्कातच उतरतंय. डिझेलचेच १,७०० होतात, मुक्कामाचे १,५००, आणि जागोजागी तिकिटं काढायची म्हणून हिंडण्याचेही ४००. बाकी सगळं तेच ठेवलं तरी बेरीज ५,३६० वर जाते. गाडी तीच, माणसं तीच, डाळ-भात तोच. अशा प्रवासाच्या व्हिडिओंमधले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ते बहुतेक यामुळेच.

म्हणून 'वर्षात अख्खा देश' हा बेत मला पटत नाही. देशाला वळसा घालणारा हायवे १ हाच सुमारे १४,५०० किलोमीटरचा, आणि उलुरू किंवा काकाडूसारख्या आतल्या जागा धरल्या की दुप्पट सहज होतं. शिवाय ऋतू सांभाळावे लागतात. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा सगळे दक्षिणेत असतात, आणि जूनपासून सगळेच उत्तरेकडे सरकतात, त्यामुळे जुलैत वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूमला जागा मिळणं कठीण आणि मिळाली तर महाग. पहिल्या वर्षी व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलंडचा पूर्व किनारा इतकंच करा. पश्चिम कुठे पळून जात नाही.

बरं, खरेदी. वापरलेली चांगली डिझेल गाडी आणि वापरलेली कॅरव्हॅन मिळून ८०,००० च्या आसपास ठेवा. नवी कॅरव्हॅन घेऊ नका, शोरूममधून बाहेर काढली की किंमत उतरते आणि वर्षानं विकताना तो फरक तुमच्याच खिशातून जातो. वापरलेलं घेताना पीपीएसआर या सरकारी नोंदवहीवर २ डॉलर भरून आधीच्या मालकाचं कर्ज बाकी नाही ना, हे पैसे देण्याआधी तपासा. छताच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली हातानं दाबून बघा. मऊ लागलं तर आत पाणी मुरलंय, कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

वजनाबद्दल मात्र नीट वाचा, कारण आपल्या लोकांना इथेच फटका बसतो. कॅरव्हॅनच्या प्लेटवर दोन आकडे असतात: टेअर म्हणजे रिकामी, आणि एटीएम म्हणजे भरून जास्तीत जास्त. मधला फरक पुष्कळदा ४०० किलोच्या आसपासच असतो. पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले १९० किलो गेले. दोन गॅस सिलिंडर, दारापुढचा सावलीचा तंबू, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण. मग आपलं स्वयंपाकघर: कणकेची दहा किलोची पिशवी, तांदूळ, चार डाळी, कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, मसाल्यांच्या बरण्या. आम्ही सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी उभी केली तेव्हा मी बरण्या काचेच्या काढून प्लास्टिकच्या केल्या आणि कणीक पाच किलोच आणायची असं ठरवलं. गाडीचंही तसंच. जाहिरातीत '३,५०० किलो ओढते' असं लिहिलेलं असतं, पण गाडी आणि कॅरव्हॅन मिळून एकत्र वजनाची, म्हणजे जीसीएमची, वेगळी मर्यादा असते. पूर्ण ३,५०० किलो मागे लावले तर बऱ्याच युटमध्ये (मागे उघडा हौदा असलेल्या गाड्यांत) माणसं आणि सामानाला फारसं काही उरत नाही. तुम्ही दोघंच आहात, १६ ते १८ फुटी आणि एटीएम २,५०० च्या आतली घ्या. वजन जास्त निघालं तर दंड आहेच, अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते ते जास्त वाईट.

विजेचं गणित आपल्यासाठी थोडं वेगळं आहे. भारतातला ७५० वॅटचा मिक्सर २,००० वॅटच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, चटणी दोन मिनिटांत होते, बॅटरीला कळतही नाही. इंडक्शन शेगडी मात्र फुकट मुक्कामी विसरा, ती पॉवर्ड साइटवरच, म्हणजे जिथे जागेवर वीज जोडून मिळते तिथे. कुकर गॅस आणि पाणी दोन्ही वाचवतो, आणि दुष्काळी पट्ट्यात भांडी घासायच्या पाण्याची किंमत कळते. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर असलेली कॅरव्हॅन थोडी महाग मिळाली तरी घ्या. तेच तुम्हाला फुकट मुक्काम करू देतं, आणि महिन्याला दहा रात्री वाचल्या तर पैसे तिथेच वसूल होतात.

फुकट जागा विकीकॅम्प्स या अ‍ॅपवर सापडतात. पाटीवरची वेळ पाळा, क्वीन्सलंडच्या बऱ्याच रेस्ट एरियांत २० तासच राहता येतं. मैलापाणी फक्त डम्प पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जागीच, ओता. गावच्या शोग्राउंडवर उतरलात तर भाजी-दूध त्याच गावातून घ्या, अशा जागा त्या भरवशावरच चालू राहतात. किराण्याची काळजी नको: मिल्ड्युरा, शेपर्टन, ग्रिफिथ अशा शेतीच्या गावांत पंजाबी वस्ती आहे, भारतीय दुकान आहे, कढीपत्ता आणि मेथी मिळते. फक्त काही राज्यांची सीमा ओलांडताना ताजी फळं-भाज्या अडवतात. पुढे कधी नलारबॉरचं ओसाड मैदान पार करून पश्चिम ऑस्ट्रेलियात गेलात तर बॉर्डर व्हिलेजला, आणि परत येताना सेडुनाला तपासणी असते. आदल्या मुक्कामी उरलेलं सगळं शिजवून टाका. याच वाटेवर सेडुना ते नॉर्समन हा १,२०० किलोमीटरचा पट्टा, मध्ये फक्त रोडहाउस (पंप आणि खाणावळ एकत्र), डिझेलचे भाव बघून पोटात गोळा येतो. वेग १०० ऐवजी ९० ठेवा, डिझेल स्पष्ट कमी लागतं. संध्याकाळी आणि पहाटे चालवूच नका, कांगारू आडवे येतात.

कागदपत्रांकडे येते. १८९ आहे म्हणून हे सगळं जमतंय. १९० असता तर नामांकन देणाऱ्या राज्याशी दोन वर्षं राहण्याची बांधिलकी, आणि ४९१ असता तर ठरलेल्या रीजनल भागातच राहावं लागलं असतं. उतरल्यावर आधी मेडिकेअरची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, नोंदणी करा, ते पीआरला (कायमच्या रहिवाशाला) पहिल्या दिवसापासून मिळतं. पण मेडिकेअर अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे देत नाही, म्हणून वर १०० धरलेत. नोकरी नसेल तर सरकारी भत्ता मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, नव्या पीआरला जॉबसीकर या बेकारी भत्त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं. भारतीय लायसन सरळ बदलून मिळत नाही, परीक्षा द्याव्या लागतात, आणि हे कॅरव्हॅन घेण्याआधी करा, म्हणजे सुरुवातीचे दोन महिने मेलबर्नमध्ये खोली घेऊन राहण्याचा खर्च वेगळा धरा. पत्ता कुणाचा तरी लागेल: लायसन, रेगो, बँक सगळ्यांना. विम्याच्या अर्जात 'आम्ही यातच कायम राहतो' हे स्पष्ट लिहा. काही पॉलिसींत ते चालत नाही, आणि लपवलं तर क्लेमच्या वेळी निघतं.

पैसे भारतातून आणणार असाल तर आर्थिक वर्षाचा विचार करा. वर्षाला माणशी १० लाखांच्या वर पाठवलं की अशा कारणासाठी वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो. दोघांच्या खात्यांतून, थोडे ३१ मार्चआधी आणि थोडे नंतर, असे पाठवले तर बरीचशी अडचण टळते.

शेवटचं, आणि हे सगळ्यात आधी बाजूला काढा: थांबण्याचे पैसे. वर्ष संपल्यावर घराचं डिपॉझिट, आगाऊ भाडं, रिकामं घर लावणं आणि नोकरी लागेपर्यंतचे तीन-चार महिने, यासाठी किमान २०,००० वेगळ्या खात्यात ठेवा आणि कॅरव्हॅन विकून येतील ते पैसे त्यात धरू नका, कारण हिवाळ्यात मेलबर्नला कॅरव्हॅन लवकर विकली जात नाही. हे २०,००० काढून उरलेल्यात वर्ष बसत नसेल, तर आठ महिन्यांचा बेत करा.

गाडी आणि कॅरव्हॅन नक्की करण्याआधी दोन्हींच्या प्लेटवरचे आकडे मला पाठवा. टेअर, एटीएम, गाडीचं जीव्हीएम (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) आणि जीसीएम. मी आणि माझे यजमान बसून बेरीज करून सांगू.