फेब्रुवारीत पाऊस नसताना चमोलीत पूर कसा आला?

प्रश्न: आपल्याकडे माळीण झालं, इर्शाळवाडी झालं, दोन्ही वेळा जुलै आणि धो धो पाऊस. मग २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चमोलीत ऐन फेब्रुवारीत, पाऊस नाही काही नाही, एवढा लोंढा आला कुठून? टीव्हीवर तर ग्लेशियर (हिमनदी) फुटला म्हणत होते. मे महिन्यात घरचे सगळे बद्रीनाथला जायचं म्हणतायत, म्हणून विचारतोय.
– एक वाचक, सातारा

उत्तर: चमोलीत मुळात कोसळला तो डोंगर. ७ फेब्रुवारीला सकाळी रोंटी शिखराचा उत्तरेकडचा कडा सुटला, सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर माल, त्यात साधारण ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ, आणि हे सगळं जवळपास १८०० मीटर खाली दरीत आलं. पाणी आलं ते त्या बर्फाचंच. एवढ्या उंचीवरून घासत आदळत येताना जी उष्णता तयार झाली तिनं बहुतेक बर्फ वितळवला, त्यात दगडाचा चुरा मिसळला आणि तो रेंदा ऋषिगंगेतून धौलीगंगेत शिरला. ऋषिगंगेवरचा वीजप्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवन वीजप्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले, मृत आणि बेपत्ता धरून २००च्या वर माणसं गेली. नंतर जुने सॅटेलाइट फोटो काढून बघितले तर कड्यावरची भेग २०१६ पासून दिसतेय! पण तिकडे बघतंय कोण.

आपल्याकडे माती पावसाच्या पाण्यानं जड होते आणि घसरते. तिकडे पाच हजार मीटरच्या वर खडकाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं न वितळलेला बर्फ असतो, पर्माफ्रॉस्टमधला, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीतला, आणि तो भिंतीतल्या चुन्यासारखा दगड धरून ठेवतो. हा बर्फ पूर्ण वितळायलाच पाहिजे असं नाही हो, उणे पाचवरून उणे एकवर आला तरी पकड सैल पडते. शिवाय बाहेरची गरमी खडकात खोलवर पोचायला महिने लागतात, कधी वर्षं, त्यामुळे कडा भर थंडीतही सुटू शकतो. आणि ग्लेशियर पातळ होऊन खाली बसला की दोन्ही बाजूच्या उतारांचा टेकू जातो तो वेगळाच.

मग चमोली क्लायमेट चेंजमुळेच झालं का? एका घटनेवर असा शिक्का मारता येत नाही, हिमालयात कडे उभे आहेत, खडक तडकलेले आहेत, भूकंप आहेतच. पण डोंगर गरम होतोय तसे असे कडे जास्त सैल होतायत हे आल्प्समध्ये चांगलं दिसलंय. स्वित्झर्लंडच्या ब्लाटन गावाचं बघा, वरच्या शिखरावरून दगड बर्च ग्लेशियरवर पडत राहिले, त्या वजनानं ग्लेशियर सरकायला लागला आणि २८ मे २०२५ ला सगळंच खाली आलं, गाव ९० टक्के गाडलं गेलं. पण सुमारे ३०० लोकांना गाईगुरांसकट आठवडाभर आधीच हलवलं होतं, गेला तो एकच माणूस. आपण मात्र असल्या कड्यांखाली वीजप्रकल्प बांधतो आणि वर नजर ठेवायला कोणी नाही, माझा राग आहे तो यावर.

बद्रीनाथला खुशाल जा. यात्रेकरूंना जास्त धोका रस्त्यावरच्या साध्या दरडींचा असतो, पाऊस लागला की जोशीमठच्या पुढे तासन् तास गाड्या अडकतात, तेव्हा जूनच्या मध्याआत परत या, एक-दोन दिवस हातात जादा ठेवा, आणि नदीच्या अगदी काठावरचा तंबू कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.