हिरा सगळ्यात कठीण असतो म्हणतात, मग हातोडी मारली तर फुटतो का?

हो, फुटतो, नीट फटका बसला तर चक्क तुकडे होतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या स्केलवर हिऱ्याला १० पैकी १० आहेत ते ओरखडा न उठण्याचे, मार सोसण्याचे नाहीत. कार्बनचे अणू घट्ट बांधलेले असले तरी स्फटिकात चार दिशांना अशी प्रतलं असतात की तिथे तोडायला बंध कमी लागतात, त्या रेषेत पातं धरून टोला दिला की हिरा सपाट चिरतो, पैलू पाडणारे कच्चा हिरा असाच फोडायचे. स्टील थोडं वाकून धक्का पचवतं, हा वाकतच नाही. पण प्रत्येक फटक्याला फुटेलच असं नाही, फटक्याची दिशा आणि आत आधीच बारीक चीर आहे का यावर ठरतं, म्हणून खरा-खोटा ओळखायला हातोडीची टेस्ट अगदी बेकार.