आधी रांग मोडा: बालवाडीत झेल, फेक, उडी आणि लंगडी कशी शिकवावी

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते. सोलापूरच्या पूर्व भागातली बालवाडी, ४ ते साडेपाच वर्षांची २८ मुलं, शहाबादी फरशीचं छोटं अंगण, तुम्ही आणि एक मदतनीस, प्लास्टिकचा एकच चेंडू. मुलं झेल सोडतात, लंगडीत तोंडावर पडतात, आणि स्नेहसंमेलनात दोरीउड्या बसवाव्यात का, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

सगळ्यात मोठी अडचण तुमच्या रांगेत आहे. एका मुलाला अर्धा मिनिट धरला तरी २८ जणांची एक फेरी १४ मिनिटांची होते. २५ मिनिटांच्या तासात एका मुलाच्या वाट्याला दोन झेलसुद्धा धड येत नाहीत. या वयात समजावून सांगून हालचाल येत नाही, ती शेकडो वेळा करावी लागते. रांगेतली मुलं ढकलाढकली करतात ती शिस्त नाही म्हणून नव्हे, त्यांना दुसरं काही करायलाच नसतं म्हणून.

तेव्हा सात-सात मुलांचे चार गट करा आणि अंगणाचे चार कोपरे वाटून घ्या. नवीन कौशल्य एकाच कोपऱ्यात शिकवायचं, तिथे तुम्ही. बाकी तीन कोपऱ्यांत मुलांना आधीपासून येणारं, आपलं आपण चालणारं काम. मदतनीस या तिन्ही कोपऱ्यांवर नजर ठेवतील. दर चार मिनिटांनी हलगी किंवा थाळी वाजवून गट पुढे सरकवा. सुरुवातीला पाच मिनिटं धावणं-थांबणं, शेवटी तीन-चार मिनिटं शांत बसणं, की तास भरला. एका वेळी दोनच कौशल्यं घ्या आणि ती तीन आठवडे चालू द्या. रोज नवा खेळ आणला की नियम समजण्यातच वेळ जातो.

साहित्याला फारसा खर्च नाही. टॉवेल-चादरींचे तुकडे आपल्याकडे सहज मिळतात. १२ सेंटिमीटरच्या चौकोनी पिशव्या शिवा, आत १०० ते १२० ग्रॅम ज्वारी. पिशवी अर्धीच भरायची. ठासून भरली तर ती दगडासारखी लागते आणि हातातून उसळते. ढिली असली की बोटांत आपोआप बसते. आत मांजरपाटाची वेगळी पिशवी हवीच आणि शिलाई दुहेरी. फाटून दाणे सांडले तर ते नाकाकानात घालणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. ज्वारीत किडे होतात, म्हणून महिन्यातून एकदा कडक ऊन दाखवा आणि दरवर्षी दाणे बदला. अशा तीस पिशव्या, वर्तमानपत्राचे बोळे चिकटपट्टीत गुंडाळून केलेले पंधरा चेंडू, जुन्या ओढणीचे हातरुमालाएवढे तुकडे आणि १५ ते २० सेंटिमीटरचे मऊ रबरी चेंडू चार. फुगे आणू नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकला तर जीव जाऊ शकतो.

आता झेल. चार वर्षांचं मूल चेंडू छातीशी कवटाळतं, ती चूक नव्हे, त्या वयाची पायरी आहे. नुसत्या हातांनी झेलणं साधारण पाच-सहा वर्षांच्या आसपास जमू लागतं. काळजी करायची ती तोंड फिरवून डोळे मिटणाऱ्या मुलाची. त्याला चेंडू लागलेला असतो किंवा लागण्याची भीती असते, आणि डोळे मिटले की झेल सुटणारच. त्याला ‘घाबरू नको’ सांगण्याऐवजी चेंडू बदला. आधी ओढणीचा तुकडा वर उडवून पकडू द्या. तो हळू खाली येतो, नजर त्याच्यामागे जायला वेळ मिळतो. मग पाय फाकून बसून घरंगळणारा चेंडू अडवणं, मग एक टप्पा पडलेला चेंडू, आणि शेवटी एक-दीड मीटरवरून हात खालून वर नेत दिलेला हलका झेल. आणि मुलामुलांच्या जोड्या लावू नका. फेकणाऱ्यालाच फेकता येत नाही, चेंडू कधी डोक्यावरून तर कधी पायाशी जातो, आणि झेलणाऱ्याला आपल्याला जमत नाही असं वाटू लागतं. झेलासाठी चेंडू मोठ्या माणसानेच द्यायचा.

फेकीचं याच्या उलट. ती एकट्याने होते, म्हणून झेलाच्या आधी शिकवा. इथे बहुतेक जण पहिल्या दिवशीच बादली ठेवतात आणि ‘नेम धरा’ म्हणतात. नेम धरायला सांगितला की मूल अंग आखडतं, पाय जागचे हलत नाहीत, फक्त कोपरातून हात झटकतं. फेकीची खरी ताकद पाय, कंबर आणि खांद्याच्या वळणातून येते, आणि ती जोरात फेकतानाच येते. दोरीवर जुनी सोलापुरी चादर वाळत घातल्यासारखी टांगा, तीन मीटरवर रेघ मारा आणि सांगा, चादरीचा धप्प आवाज आला पाहिजे. लक्ष्य मोठं, काम जोराचं. गोळा करायला चादरीमागे धावायचं ते फक्त हलगी वाजल्यावर, सगळ्यांनी एकदम. नाहीतर पिशवी कोणाच्या तरी डोळ्यावर बसते.

फेकताना उलटा पाय पुढे यायला हवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या डाव्या घोट्याला रिबीन बांधा आणि ‘रिबीनवाला पाय पुढे’ एवढंच सांगा. डावखुऱ्या मुलाची रिबीन उजव्या पायाला. कोण कोणत्या हाताने पिशवी उचलतो ते आधी बघा. हात बदलायला लावू नका, घरच्यांनी आग्रह केला तरी.

उडी शिकवताना आधी उतरणं शिकवा. दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकलेले, आवाज शक्य तितका कमी. एका विटेवरून सुरू करा, जमल्यावर पायरीच्या उंचीपर्यंत जा. बाकावरून उड्या नकोत. खाली सतरंजी अंथरणं तर आणखी घातक, शहाबादीवर ती सर्रकन घसरते. मातीचा भाग असेल तर तिथे उतरू द्या, नाहीतर न सरकणारी रबरी चटई. पुढे उडी मारताना एक पाय आधी पडत असेल तर अंतर जास्त आहे किंवा मूल बिचकतंय. खडूच्या दोन रेघा वीस सेंटिमीटरवर आखा, हात मागे नेऊन पुढे झोकायला लावा. पाय एकत्र पडू लागले की रेघ थोडी सरकवा. फरशीचे सांधे आयत्या रेघा आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या.

लंगडीत मुलं पडतात कारण आपण तोल येण्याआधी धावायला लावतो. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं, मग हात सोडून तीन ते पाच सेकंद, मग जागच्या जागी दोन उड्या, आणि नंतर पुढे. चार वर्षांच्या मुलाने सलग दोन-तीन उड्या मारल्या तरी पुष्कळ. एकाच पायावर जमतं, दुसऱ्यावर नाही, हेही नेहमीचंच. रोज दोन्ही पायांवर करून घ्या. लंगडी घालत पकडापकडी मात्र पहिलीपर्यंत थांबू द्या. तोलासाठी फरशीवरची जाड दोरी पुरते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मुलं काठी उभी धरून नंदीध्वजच (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) खेळत असतात. त्यांना कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी द्या, कमरेशी दोन्ही हातांनी उभी धरायला लावा आणि दोरीवरून चालवा. नजर नळीच्या टोकाकडे गेली की पायाखालचा अंदाज सुटतो, म्हणून हे काम साधं चालणं पक्कं झाल्यावरच.

एक पाय सतत पुढे ठेवून घोडा-घोडा सगळ्यांना लवकर येतं. पाय आलटून पालटून टाकत उडत जाणं मात्र साडेपाच-सहापर्यंत अनेकांना जमत नाही. ते मुद्दाम शिकवू नका, घोडा दोन्ही पायांनी पक्का करा.

धावण्यात धोका थांबण्याचा असतो. भिंत शिवून या, असं कधीच सांगू नका. मुलं शेवटपर्यंत वेग कमी करत नाहीत. शेवटची रेघ भिंतीच्या तीन मीटर अलीकडे आखा. ‘हलगी थांबली की पुतळा’ हा खेळ रोज घ्या, त्यातून थांबणं येतं. चप्पल आणि मोजे काढून, अनवाणी. पण मार्चपासून नऊनंतर शहाबादी तापते, तेव्हा आधी आपलं पाऊल दहा सेकंद टेकवून बघा. चटका लागला तर त्या दिवशी वर्गात किंवा सावलीत.

तुमच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू असं सगळंच असणार. सूचना तीन शब्दांच्या आणि करून दाखवलेल्या. दाखवताना मुलांकडे पाठ करून उभ्या राहा. समोरासमोर दाखवलं की तुमचा उजवा त्यांना डावा दिसतो, आणि अर्धा वर्ग उलटा पाय टाकतो.

दोरीउड्यांचं उत्तर: या वयात नको. दोरी फिरवणं, उडी आणि दोघांची वेळ जुळवणं एकदम मागतो आपण. पालकांना काही दाखवायचंच असेल तर चादरीवरची फेक आणि पुतळ्याचा खेळ दाखवा; त्यात कोणी मागे पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सुचवली आहे, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी. तुमचा तास त्याचा छोटा भाग आहे, म्हणून मधल्या सुट्टीत पिशव्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका.

नोंद रोज पाचच मुलांची ठेवा, कौशल्याचे दोन-तीन मुद्दे, हो किंवा नाही. पाच वर्षांचं मूल क्षणभरही एका पायावर उभं राहत नसेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल, कायम चवड्यांवर चालत असेल किंवा आधी येणारी हालचाल हरवली असेल, तर सराव वाढवत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. अंगणवाडी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी ही नोंदवही त्यांच्यासमोर ठेवा.