सेनेका वाचायला घेताय? रागापासून सुरू करा

स्टोइक, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधलं विवेकाने जगायला शिकवणारं तत्त्वज्ञान, वाचायचं म्हटलं की बहुतेक जण थेट रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसकडे धावतात. त्याची टिपणं त्याने स्वतःसाठी लिहिली, तीही ग्रीकमध्ये. सुरुवातीला ती नुसती सुभाषितं वाटतात. तुम्ही रोमन स्टोइक तत्त्वज्ञ सेनेकाचा रागावरचा ग्रंथ घ्या. तीन भाग आहेत, भाऊ नोवाटस याला उद्देशून.

नवख्यांची मोठी चूक म्हणजे स्टोइक लोक भावना मारून टाकायला सांगतात असं धरून चालणं. दुसऱ्या भागात सेनेका रागाच्या पायऱ्या दाखवतो, तिथे सावकाश वाचा:

१. पहिला धक्का. अंगावर गार पाणी उडालं की शहारा येतो, तसा. तो आपल्या हातात नाही, म्हणून तो राग नव्हेच.
२. 'माझ्यावर अन्याय झाला, बदला घ्यायलाच हवा' असं मन म्हणतं. इथे बुद्धीची संमती लागते, आणि ती नाकारता येते.
३. राग बेफाम होतो. आता बुद्धीचं काही चालत नाही.

दुसरी पायरी चटकन सापडत नाही. मला कित्येक महिने लागले. म्हणूनच सेनेका विलंबाला रागावरचं सर्वांत मोठं औषध म्हणतो.

तिसऱ्या भागात, दिवा नेला आणि बायको गप्प झाली की तो दिवसभराचं वागणं तपासतो. हे आजच करून बघा, पण स्वतःला झोडपू नका. तोही स्वतःला म्हणतो, पुन्हा करू नकोस, या वेळी माफ.

जुन्या ग्रीक स्टोइकांपैकी ख्रिसिप्पसचं तर्कशास्त्र सध्या राहू द्या. पहिला भाग संपला की कुठे अडलं ते जरूर सांगा.