वाचकांचे प्रश्न : बांधकामाचे डिजिटल प्रारूप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रश्न : आम्ही मध्यम आकाराचे ठेकेदार आहोत. सध्याच्या सात मजली निवासी इमारतीसाठी वास्तुविशारदांनी बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे प्रत्येक भागाची माहिती जोडलेले संगणकीय प्रारूप) पद्धतीचे त्रिमितीय प्रारूप दिले आहे. त्याला एआय जोडले की पाइप आणि बीम यांचे क्लॅश (एकाच जागी दोन घटक येणे), कामाची परिमाणे, बिले आणि प्रगतीचे अहवाल आपोआप निघतील, असे एक सॉफ्टवेअर विक्रेता सांगतो. यावर कितपत विसंबावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : विक्रेत्याच्या सांगण्यात तथ्य आहे, मात्र बिले आपोआप निघण्याची गोष्ट आपण तूर्त बाजूला ठेवावी.

बीआयएम प्रारूपातील भिंत ही नुसती रेषा नसते. जाडी, साहित्य आणि मजला यांच्या नोंदी तिला जोडलेल्या असतात, त्यामुळे क्षेत्रफळ व घनफळ चटकन मिळते. परंतु हे मोजमाप भूमितीचे असते आणि आपले बिल करारात लिहिलेल्या नियमांनी होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आयएस १२०० हे बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक लागू असते, आणि त्याच्या १२ व्या भागानुसार प्लास्टर मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. त्याहून मोठ्या, परंतु ३ चौरस मीटरपर्यंतच्या जागेची वजावट दोन्ही बाजूंना सारखे प्लास्टर असल्यास एकाच बाजूने होते आणि कडांचे प्लास्टर वेगळे धरले जात नाही. १.२ मीटर बाय १.५ मीटरची खिडकी घेतली तर प्रारूप दोन्ही बाजूंनी मिळून ३.६ चौरस मीटर वजा करील, तर नियमाने १.८ चौरस मीटरच वजा होतील, ०.६ बाय ०.६ मीटरच्या झरोक्याची तर वजावटच नाही. सात मजल्यांवरील खिडक्यांची बेरीज केली की फरक किती पडतो ते आपणच मोजून पाहावे. हा नियम न सांगता एआयकडे तक्ता मागितला, तर एआय नीटनेटका, आत्मविश्वासपूर्ण आणि चुकीचा तक्ता देऊ शकतो. म्हणून वजावटीचे नियम ठरीव सूत्रांच्या रूपात संगणकात बसवावेत. तेथे अंदाजाला वाव नसावा. स्लॅब आणि बीम एकमेकांत शिरल्यामुळे तेच काँक्रीट दोनदा मोजले जात नाही ना, हेही आधी तपासावे.

एआयला द्यावे असे काम निराळेच आहे. एका ड्राफ्ट्समनने भिंतीला ‘बाह्य भिंत’ म्हटलेले असते, दुसऱ्याने तिला नावच दिलेले नसते, तिसऱ्याने लिंटल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई) हा बीमच्या यादीत टाकलेला असतो. अशा नोंदी आकार आणि जागा पाहून ओळखणे व संशयास्पद तेवढ्या माणसासमोर ठेवणे, हे एआय चांगले करते.

क्लॅशच्या बाबतीत मी अधिक आशावादी आहे. पाइप बीमला कोठे छेदतो हे शोधायला एआय लागत नाही, साधी भूमिती पुरते. खरी अडचण अशी की त्या यादीत निरर्थक नोंदींचा भरणा असतो. स्लॅबमधला कॉन्ड्युइट (विजेच्या तारांची नळी) स्लॅबमध्येच असायचा, तरी सॉफ्टवेअर त्याला क्लॅश म्हणते. पूर्वी कोणते क्लॅश सोडून दिले आणि कोणते सोडवले, या नोंदींवरून शिकलेली प्रणाली यादीची वर्गवारी करू शकते. सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यावाच लागतो, म्हणून तो आधी; केबल ट्रे थोडी वळवता येते, म्हणून ती नंतर. मात्र ही प्रणाली कोणत्या इमारतींवर शिकली, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. फॉल्स सीलिंगमधून डक्ट नेणाऱ्या कार्यालयांवरचा अनुभव विटांच्या भिंती आणि आरसीसी सांगाडा असलेल्या निवासी इमारतीला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

प्रगतीचे अहवाल छायाचित्रांवरून होतात. वीटकाम किती चढले हे त्यांत दिसते. कॉलममधील सळ्यांना आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४० मिलिमीटर कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर) मिळाले की नाही, हे काँक्रीट ओतल्यावर कोणत्याही छायाचित्रात दिसणार नाही. ती तपासणी साइट इंजिनिअरनेच काँक्रीटच्या आधी करायची.

नागपूर मेट्रोचे उदाहरण आपल्याला ऐकवले जाईलच. तेथे ‘फाइव्ह-डी’ बीआयएम वापरले गेले, म्हणजे प्रारूपाला वेळापत्रक आणि खर्च जोडले गेले. प्रत्येक घटकाला कामाचा आणि खर्चाचा संकेतांक देण्याचे कष्टाचे काम अशा जोडणीत आधी करावे लागते. आपल्या प्रारूपात असे संकेतांक नसतील, तर पहिला खर्च त्यावर करावा.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. या विषयात काय शिकावे? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची बटणे पाठ करण्यापेक्षा आयएफसी हा बीआयएम प्रारूपांचा खुला फाइल-नमुना समजून घ्या, आयएसओ १६७३९ हे त्याचे मानक आहे. थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि आयएफसी फाइली वाचणारी आयएफसीओपनशेल ही मोफत लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) घेऊन एखाद्या इमारतीतील सर्व कॉलम वाचा आणि आयएस १३९२० : २०१६ या भूकंपरोधक आरसीसी बांधकामाच्या मानकातील ३०० मिलिमीटरच्या किमान मापापेक्षा लहान कॉलम शोधा. प्रोग्राम लिहायला एआयची मदत अवश्य घ्या, परंतु एका मजल्याचे उत्तर हाताने पडताळून पाहा.